आयन-टकरींच्या गणितासाठी जळगावात जुळवलेला पीसी

एम.एस्सी. प्रकल्पाला आठ कोअर, १६ जीबी रॅम पुरते. विक्रेता महागडं ग्राफिक कार्ड गळ्यात मारू पाहील, घेऊ नका. ३०व्या ऊर्जा-पातळीवरच्या हायड्रोजन अणूला प्रोटॉन येऊन धडकला, तर तो अणूचा इलेक्ट्रॉन पळवतो का, हे पाहायला टकरीतल्या कणांचे हजारो स्वतंत्र मार्ग गणिताने काढावे लागतात. ते कोअरवर सहज वाटता येतात.

या पातळीच्या कक्षेत इलेक्ट्रॉनचा वेग सुमारे ७३ किमी प्रति सेकंद. प्रोटॉन तेवढ्याच वेगाने, म्हणजे साधारण २८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आला तोवर पकड चांगली, पुढे ती झपाट्याने घसरते. म्हणून याच पट्ट्यातले जास्तीत जास्त वेगवेगळे वेग घेऊन गणित करा. टाइम-स्टेप, म्हणजे गणित वेळेत पुढे सरकतं तो टप्पा, मात्र ठरावीक नको: लांबट कक्षेत इलेक्ट्रॉन केंद्रकाला चाटून जाताना हिशोब बिघडतो आणि खोटं आयनीभवन (इलेक्ट्रॉन सुटून मोकळा होणं) मोजलं जातं. प्रत्येक मार्गाच्या शेवटी तिन्ही कणांची (इलेक्ट्रॉन, अणूचं केंद्रक आणि आलेला प्रोटॉन) एकूण ऊर्जा तपासा. बदलली असेल तर तो मार्ग लहान स्टेपने पुन्हा चालवा.

जुळणी नीटनेटकी, केबल बांधलेल्या. खरी उणीव कूलिंगची. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर गेलं की सोबतच्या फॅनवर प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मोठा कूलर आधीच बसवून घ्या. यूपीएस मशीन बंद करण्यापुरताच; दर हजार मार्गांनी निकाल फाइलमध्ये लिहीत जा.