नाक दाबलं की तोंड उघडतं: सीपॅपसोबतचे नऊ महिने

सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन. ते घरी आल्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी उठलो तर जीभ टाळूला चिकटलेली, रात्रभर तोंडात पापड धरून झोपल्यासारखी. "चहा टाकतो" एवढं म्हणायला आधी पाण्याचे दोन घोट लागले. बायको म्हणाली, "रात्रभर तोंडातून फर्र फर्र हवा सोडत होतात. आधीचं घोरणं बरं होतं, त्याला निदान ताल होता."

हे गेल्या जूनमधलं. आता मार्च अर्धा सरलाय. मी नाशिकचा, वय ५३. स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. ३० च्या वर गेलं की हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, तीव्र समजतात. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप (ठरवलेल्या मर्यादांत दाब स्वतःच कमी-जास्त करणारं) आणि नाकावर बसणारा मास्क लिहून दिला. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही. नऊ महिन्यांतले पाच गेले ते तोंड मिटण्यात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

तोंड उघडलं तर बिघडतं काय? मास्क नाकावर असताना जागेपणी मुद्दाम तोंड उघडून पाहा. नाकातून आत शिरलेली हवा घशात वळसा घेऊन तोंडातून भसाभस बाहेर पडते, सायकलचा व्हॉल्व्ह काढल्यासारखी. घसा आतून फुगवून ठेवणं हेच तर त्या हवेचं काम. ती तोंडावाटे निघून गेली की दाब पडतो, घसा पुन्हा मिटतो, झोप मोडते. जागेपणी जीभ आणि पडजीभेकडचा मऊ टाळू मिळून मागचं दार लावून घेतात. झोप गाढ झाली, जबडा सैल पडला की ते दार किलकिलं होतं.

आपण किती गळतोय ते कोरड्या घशावरून कळतं, पण नेमकं कळत नाही. माझं मशीन रेसमेडचं आहे. त्यात एसडी कार्ड असतं, ते काढून लॅपटॉपला लावायचं आणि ऑस्कर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं. मुलीने एका रविवारी बसवून दिलं. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी मुद्दाम बारीक छिद्रं ठेवलेली असतात. ती हवा वजा करून उरते ती खरी गळती, आणि तिच्या आलेखात मिनिटाला २४ लिटरवर एक लाल रेघ असते. रेघेखाली असेपर्यंत मशीन सांभाळून घेतं. माझा आलेख रात्री साडेबारापर्यंत सपाट, मग एकदम सह्याद्री. पहाटे तीन ते पाच तर कळसूबाईच. गळती खूप झाली की मशीनची एएचआयची मोजदादही भरवशाची राहत नाही, त्यामुळे स्क्रीनवर ४ दिसला तरी त्या रात्री माझा विश्वास नसायचा.

पहिला उपाय सगळे करतात तोच, चिन स्ट्रॅप. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा पट्टा. माझ्या टकलावरून तो रात्री दोनदा तरी घसरायचा. घट्ट केला तर जबडा वर जाण्याऐवजी मागे ओढला जायचा, आणि जबडा मागे म्हणजे जीभ मागे, म्हणजे ज्यासाठी मशीन घेतलं तेच पुन्हा. एके सकाळी पट्टा काढायचं विसरून तसाच स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याशी उभी होती. तिने वळून पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "आधी काढ ते," एवढंच म्हणाली. गेलेल्या माणसाची हनुवटी बांधतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने दोन वर्षांपूर्वी बाबांना तसं पाहिलं होतं. पट्टा त्या दिवशी कपाटात गेला तो गेलाच.

मग फुल फेस मास्क. विक्रेत्याचं तर्कशास्त्र सोपं होतं, "तोंडाने श्वास घेता ना, मग तोंडही झाकणारा घ्या." महाग होता आणि एकदा वापरला की परत नाही. तीन आठवडे नेटाने लावला. नाकाच्या दांड्यावर लाल वण, मिशांच्या कडेने शिट्टी, कुशीवर वळलो की उशीला टेकून सगळा मास्क तिरका. मुख्य म्हणजे मशीनला नाकाच्या मास्कवर लागायचा त्यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर जास्त दाब लागू लागला (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बऱ्याच जणांना लागतो, कारण तो मास्क हनुवटीला मागे रेटतो आणि तोंडातून शिरणारी हवा घसा तितका उघडत नाही. ज्यांचं नाक खरोखरच चालत नाही त्यांना हाच मास्क लागतो आणि लाभतो, माझ्या मेव्हण्याला मस्त लागला. माझा आता सर्दीच्या चार दिवसांपुरता ठेवलाय.

१९८१ साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिवन यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला तेव्हाही हवा नाकातूनच दिली होती. हे वाचल्यावर वाटलं, मूळ वाट नाकाचीच आहे तर आपण तोंडाच्या मागे का लागलोय? पण हे शहाणपण यायच्या आधी टेपचं प्रकरण घडायचं होतं.

मोबाइलवर तोंडाला पट्टी लावून झोपणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. मेडिकलमधून एक इंची मायक्रोपोर टेप आणली आणि ओठांवर आडवी चिकटवली. पहिल्या रात्री आलेखाची रेघ इस्त्री केल्यासारखी. दुसऱ्याही रात्री. मी खूश. बायको म्हणाली, "बोलत नाही हाही फायदाच." जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, तिसऱ्या की चौथ्या रात्री पावणेतीनला लाइट गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला दिलेला. मशीन बंद, पंखा बंद. मला जाग आली ती छातीवर कुणीतरी बसल्यासारखी. नळी लावलेली, हवा येत नाही, नाक पावसाळ्यामुळे तसंही अर्धं चोंदलेलं, आणि तोंड उघडायला गेलो तर उघडेना. अंधारात मास्क आधी ओढायचा की टेप, हे ठरवण्यात दोन सेकंद गेले असतील. तेवढे पुरे झाले. टेप ओढली ती मिशांचे दहा-बारा केस घेऊन आली.

नंतर माहितीपत्रक नीट वाचलं. फुल फेस मास्कला मशीन बंद पडल्यास बाहेरची हवा आत घेणारी एक झडप असते. नाकाच्या मास्कला ती नसते, कारण माणूस तोंड उघडेल हे गृहीत धरलेलं असतं. मी ते गृहीतकच चिकटवून टाकलं होतं! ज्या गावात दर पावसात लाइट जाते तिथे हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी करू नये. नाक चोंदलेलं असेल, पित्त उसळून रात्री उलटीसारखं होत असेल किंवा झोपण्याआधी 'बसणं' झालं असेल तर अजिबातच नको. इन्व्हर्टर आता दुरुस्त आहे आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस'वर ठेवलंय, म्हणजे लाइट गेली तरी मशीनला झटका जाणवत नाही. टेप मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला वापरली.

ऑक्टोबरमध्ये शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. जूनमध्येच जायला हवं होतं. आपल्याकडे ज्याला 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात ते माझं होतंच, म्हणजे मधला पडदा डावीकडे वाकलेला, पण ते म्हणाले, त्रास देतेय ती ॲलर्जी. आतली सूज. शिवाय मशीनची हवा तोंडातून निसटायला लागली की नाकातून एकाच दिशेने वारा वाहत राहतो. नाक सुकतं, सुजतं, आणखी चोंदतं, म्हणून तोंड आणखी उघडतं. आमच्या आजीची म्हण होती, नाक दाबलं की तोंड उघडतं. तिने ती माणसांच्या स्वभावाबद्दल वापरली, मला ती शरीरशास्त्र म्हणून लागू पडली.

त्यांनी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे दिला. तो मधल्या पडद्यावर न मारता नळी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखून मारायचा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. मी पहिले चार दिवस "काहीच फरक नाही" म्हणत होतो. फरक दुसऱ्या आठवड्यात दिसला. लगेच नाक मोकळं करणारे थेंब मी तोवर महिनाभर टाकत होतो, ते बंद करायला लावले. चार-पाच दिवसांपलीकडे ते वापरले की औषध उतरल्यावर नाक उलट जास्त चोंदतं. शिवाय रात्री झोपण्याआधी जलनेती, उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं थेट नको. नेतीनंतर वाकून दोन्ही नाकपुड्या नीट रिकाम्या करायच्या, नाहीतर मास्क लावल्यावर ते पाणी मशीनच्या हवेने घशात उतरतं आणि ठसका लागतो.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारा मशीनचा भाग, मी सुरुवातीपासून ३ वर ठेवला होता, पावसाळ्यात दमटपणा आहेच म्हणून. तो ५ वर नेल्यावर सकाळचा कोरडेपणा निम्मा झाला. डिसेंबरात मात्र नाशिकची थंडी आडवी आली. खोली गार, नळी गार, आतली वाफ नळीतच थिजायची आणि पहाटे कानाशी गुळगुळ, मग नाकावर थंड पाण्याचा शिंतोडा. मशीन स्टुलावरून काढून उशीच्या खालच्या पातळीला ठेवलं, आणि आईने तिच्या जुन्या शालीची नळीला गवसणी शिवून दिली, तंबोऱ्याला घालतात तशी. गरम होणारी नळी वेगळी मिळते, पण शाल फुकट होती.

नाक सुटल्यावर गळती बरीच उतरली, तरी पहाटेचा एक डोंगर राहिलाच. उताणा झोपलो की जबडा पडायचाच. यावर चाललं ते मऊ फोमचं सर्व्हायकल कॉलर, मान दुखल्यावर मेडिकलमध्ये मिळतं ते. मानेला आवळायचं नाही, दोन बोटं सहज आत जातील इतकं सैल. त्याचं काम एकच, हनुवटी छातीकडे झुकू द्यायची नाही. तोंड दाबून बंद केलेलं नसतं, हवं तेव्हा उघडतं, लाइट गेली तरी जीव घाबरत नाही. माझं उंचीला जरा जास्त होतं, हनुवटीला वर ढकलत होतं, म्हणून एक नंबर लहान आणलं. डॉक्टरांना दाखवून घेतलं. थंडीत सोन्यासारखं. आता मार्चमध्ये गळ्याला घाम येतो, तेव्हा जुन्या बनियनच्या कापडाचा खोळ घातलाय. आईला हे चालतं. "मान धरलीय म्हणून लावतोस असं वाटतं," म्हणाली.

जिभेची एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पैसे लागत नाहीत. 'न' म्हणताना जिभेचं टोक जिथे टेकतं तिथे ते ठेवायचं, आवंढा गिळायचा आणि उरलेली जीभ टाळूला चिकटू द्यायची. मशीन लावल्यावर झोप लागेपर्यंत मी असाच पडतो. गाढ झोपेत ती तशी राहते असा माझा दावा नाही, पण सुरुवातीचे दोन-तीन तास आलेख सपाट असतो. पूर्वी दिवसाही टीव्ही बघताना माझं तोंड उघडं असायचं, हे मुलीने दाखवून दिलं तेव्हा कळलं.

दाबाचे आकडे मी स्वतः बदलले नाहीत. डॉक्टरांनीच कार्ड बघून खालचा दाब थोडा वाढवला, कारण दाब अपुरा असला की श्वास अडतो आणि माणूस आ वासूनच हवा ओढतो. वरची मर्यादा मात्र खाली आणली, म्हणजे जास्त दाबाने ओठ सुटून हवा निसटायला नको.

फेब्रुवारीच्या २८ रात्रींपैकी २३ रात्री लाल रेघेच्या खाली. एएचआय दोनच्या आसपास. उरलेल्या पाचांतल्या दोन लग्नातल्या, बाहेरगावच्या, कॉलर घरी विसरलेलं. एक सर्दीची. दोन रात्रींचं कारण सापडलं नाही. दुपारी ऑफिसात डुलकी येत नाही, गाडी चालवताना तर नाहीच.

आज कॉलर धुतलंय आणि अजून ओलं आहे. बायकोने कानात घालायचे बोळे आत्ताच उशाशी काढून ठेवलेत.