पेपरमिंट कोळंबीच्या नावाखाली उंट गळ्यात मारले

एकूण 13,950 रुपये गेले. बायकोला 4,000 सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपा करून घरी फोन करू नये.

घरच्या माशांच्या टाकीत एप्टेसिया झाला होता, म्हणजे तणासारखं पसरणारं छोटं समुद्रफूल. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. आधी दगडाच्या बेचक्यात एकच होता, तो मी ब्लेडने खरवडला. मूर्खपणा, कबूल. तळाचा कपटा दगडाला राहिला तरी त्यातून नवा उगवतो. दीड महिन्यात 40 च्या वर मोजले, आणि झोआ, म्हणजे माझे फुलांसारखे मऊ प्रवाळ, मिटून बसायला लागले.

मग फोनवर एक विक्रेता भेटला. एप्टेसिया खाणारी पेपरमिंट कोळंबी, 850 ला एक. सहा घेतल्या, 5,100. थर्माकोलचा खोका आणि ट्रॅव्हल्सचं भाडं 600. सगळे पैसे आधी. व्हिडिओही पाठवला, पण पिवळ्या बल्बच्या उजेडातला. टाकीच्या पांढऱ्या लाइटखाली काढलेला व्हिडिओ मागायचा असतो, तुम्ही मागा.

पहाटे पाचला कसालला हायवेवर क्लीनरने खोका हातात दिला. पाऊस लागलेला, रिक्षावाला हॉर्न मारतोय. मोबाईलच्या उजेडात पिशवी धरली. पाठीला कुबड, टपोरे डोळे, लाल अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेघा. पेपरमिंटचं अंग जवळपास आरपार असतं, त्यावर बारीक लालसर रेषा, पांढरी रेघ नाहीच. हे मला माहीत होतं! तरी मीच मला समजावलं, प्रवासात रंग बदलला असेल. पिशवी धरून दोन मिनिटं तिथे उभा होतो. तिथेच फोटो काढून त्याला पाठवला असता तर पुढचे 8,250 वाचले असते.

त्या निघाल्या कॅमल श्रिंप, म्हणजे उंट कोळंबी. चार रात्रींत माझे 22 झोआ खाल्ले. एप्टेसियाला हात लावला नाही.

विक्रेता मात्र गोड. "दादा, पोराने पिशवी बदलली, मी भरून देतो. बर्घिया घ्या, फक्त पैसे आधी लागतील." बर्घिया ही समुद्री गोगलगाय, एप्टेसियाशिवाय दुसरं काही खातच नाही. हे तो बरोबर बोलला, म्हणून विश्वास बसला. पाच नग, 1,650 प्रमाणे. पैसे गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. एकदा फसून परत पाठवले म्हणून हसणाऱ्यांनी रोज सकाळी आपली टाकी मरताना बघावी. आणि मी बँकेत आहे हो. 'ओटीपी देऊ नका'चा बोर्ड माझ्याच काउंटरवर आहे. ओटीपी कुणी मागितलाच नाही, पिन मीच टाकला.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "सुंगटां खाऊक नाय गावली म्हणान कम्प्लेन?" (कोळंबी खायला मिळाली नाही म्हणून तक्रार?) सगळे हसले. साहेबांनी विचारलं, पैसे तुम्हीच पाठवले ना, मग चोरी कुठे? प्राण्यांचा विषय, वनखात्याकडे जा. तिथे पहिला प्रश्न, घरात प्रवाळ आहेत का? दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून मी ते ठेवतच नाही, हे सांगता सांगता मीच आरोपी! त्यांनी मत्स्य कार्यालय दाखवलं. तिथे म्हणे ग्राहक मंचाकडे जा. चार दिवस रजा, चार ठिकाणी तोच कागद, पोच एकाचीही नाही. किनाऱ्यावर राहून समुद्री जीव कुणाच्या खात्यात येतो हे कुणाला सांगता येईना. आणि या गडबडीत 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तिसऱ्या दिवशी, तोवर त्याचं खातं रिकामं. तुम्ही पहिल्या तासात करा, ठाण्यात नंतर जा.

वैतागून दगड उकळायला घेऊ नका. झोआ असलेला दगड उकळला तर वाफेतून विष श्वासात जातं. मी सध्या पानात खायच्या चुन्याची पेस्ट इन्सुलिनच्या सिरिंजने एकेकाच्या तोंडावर सोडतोय, पंप बंद करून, एका वेळी चार-पाचच. जास्त घातला तर पाण्याचा पीएच चढतो. चुना दहा रुपयांचा, पानाच्या गादीवरून. गादीवाल्याला सगळं माहीत आहे, चुना देताना तो हसतो.

परवा मुलाने दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवरून तोच व्हिडिओ आलेला दाखवला. आता भाव 950. मागे निळी बादली आहे, काठाचा टवका उडालेली. दिसली की फोन ठेवा.