आसिली की राबाया? बांधाला बांध लागून असलेल्या दोन बागांची वाइन

इटलीच्या पीडमाँट प्रांतात, आल्बा शहराच्या ईशान्येला बार्बारेस्को नावाचं छोटं गाव आहे. गावाजवळच्या एकाच टेकडीवर आसिली आणि राबाया या दोन द्राक्षबागा बांधाला बांध लागून आहेत. दोन्हीकडे एकच द्राक्ष: नेब्बिओलो. तरीही वाइनचे जाणकार या दोन नावांवरून तासन्‌तास वाद घालतात. परदेशातून येताना किंवा आयात वाइनच्या दुकानात यांपैकी एकच बाटली घ्यायची असेल, तर कोणती घ्यावी?

तुलना खरी व्हायची, तर दोन्ही वाइन एकाच हातच्या हव्यात. एकाची आसिली आणि दुसऱ्याची राबाया घेतली, तर आपण बागांची नाही, वाइन करणाऱ्यांच्या पद्धतींची चव बघत बसतो. सुदैवाने बार्बारेस्कोत याची उत्तम सोय आहे. तिथल्या ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने वाइन करायची पद्धत सगळ्या बागांसाठी सारखीच ठेवली आहे. १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूंनी १९ शेतकऱ्यांना एकत्र आणून ती उभी केली आणि सुरुवातीची वाइन चर्चच्या तळघरात केली. सहकाराच्या मातीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चांगल्या वर्षी ही संस्था नऊ बागांची वाइन वेगवेगळी भरते. वर्ष बेताचं असेल, तर सगळा माल गावाच्याच नावाने निघणाऱ्या साध्या ‘बार्बारेस्को’ वाइनमध्ये जातो आणि बागेच्या नावाची बाटली निघतच नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आता चव. शक्यतो एकाच वर्षीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. रंगावरून काही ठरवू नका. नेब्बिओलोची रेड वाइन मुळातच फिकी असते आणि जुनी होत गेली, की कडेला विटकरी, नारिंगी झाक येते. या फिकेपणाला फसू नये, कारण तोंडात ही वाइन भलतीच करारी असते. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आवळून येतात, तसा तिचा तुरटपणा मागे राहतो. सोबतीला आंबटपणाही भरपूर.

आसिलीच्या मातीत वाळूचं प्रमाण जास्त. तिच्या वाइनचा वास आधी येतो, चव मागून. सुकत आलेल्या गुलाबपाकळ्या, आंबट चेरी, थोडासा संत्र्याच्या सालीचा वास. तुरटपणा असतो, पण बारीक, जिभेवर सारखा पसरणारा. घोट गिळल्यावरही सुगंध बराच वेळ रेंगाळतो. राबायाची माती जरा जड, चिकणमातीकडे झुकणारी. ग्लासात ओतल्यावर ती पहिल्यांदा गप्पच असते. तासाभराने ज्येष्ठमध, डांबर, गडद फळं असं एकेक उलगडत जातं. तोंड भरून जातं आणि तुरटपणा हिरड्यांवर ठाण मांडून बसतो. दोन्ही एकापाठोपाठ घेतल्या, की शेजारी बागांत इतका फरक पडतो यावर विश्वास बसतो.

माझा कल आसिलीकडे आहे. पहिल्यांदाच नेब्बिओलो घेणाऱ्याला तर मी बिनदिक्कत तीच सुचवेन, कारण ती लवकर बोलते. राबाया कुणी घ्यावी? ज्याला भरदार, जोरकस वाइन आवडते आणि ज्याच्याकडे ती आठ-दहा वर्षं नीट ठेवायची सोय आहे त्याने. ही दुसरी अट महत्त्वाची. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलेली बाटली पिकत नाही, खराब होते. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल, तर दहा वर्षांचा बेत आखूच नये.

त्याच संस्थेच्या आणखी दोन बाटल्यांचा विचार करता येईल. पोरा ही बाग तानारो नदीच्या बाजूची, वाइन त्यामानाने मऊ. मोंतेस्तेफानो मात्र अगदी दुसऱ्या टोकाला. बारोलो ही शेजारच्या पट्ट्यातली, अधिक करारी मानली जाणारी वाइन. मोंतेस्तेफानोला ‘बार्बारेस्कोतला बारोलो’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

मग सरळ बारोलोच का नको, असं कुणी विचारेल. बारोलो आल्बाच्या दुसऱ्या अंगाला, नैर्ऋत्येकडे. द्राक्ष तेच, पण हा पट्टा जवळपास तिप्पट मोठा आणि ११ गावांत पसरलेला. नियमाने बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, त्यातले ९ लाकडात. बारोलोच्या आतही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक आहेच. ला मोर्रा गावाच्या बाजूची वाइन सुगंधी आणि नरम, तर सेर्रालुंगा गावाच्या घट्ट, चुनखडीच्या मातीतली कडक आणि दीर्घायुषी. यंदाच्या दिवाळीत उघडायची असेल, तर सेर्रालुंगाच्या वाटेला जाऊ नका.

अकलूजला होणारी सांजोव्हेसे द्राक्षाची वाइन ज्यांनी चाखली आहे, त्यांना इटालियन रेड वाइनची थोडी ओळख झालेली असतेच. पण सांजोव्हेसे इटलीच्याच तोस्काना प्रांताची. नेब्बिओलो तिच्याहून फिकी आणि कितीतरी तुरट. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

जेवणाचंही बघावं लागतं. मिरचीचा तिखटपणा आणि नेब्बिओलोचा तुरटपणा एकत्र आले, की तोंडाची आग होते आणि वाइन कडवट लागते. तांबडा रस्सा तिच्यासोबत नकोच. अळणी मटण, मिरी घालून परतलेले मशरूम, जुनं चीज यांच्यासोबत ती खुलते. पीडमाँटमध्ये लोक ती वाइनमध्येच शिजवलेल्या बीफबरोबर घेतात, म्हणजे मुरलेला, बिनतिखट मांसाहार हीच तिची खरी जागा.

एवढे पैसे घालायला मन धजत नसेल, तर आधी ‘लांगे नेब्बिओलो’ घ्या. हीच संस्था ती करते. कमी मुरवलेली, बरीच स्वस्त आणि लगेच पिण्याजोगी. तिचा तुरटपणा सोसवला, तरच पुढे जा.

दोन्ही बाटल्या मिळाल्याच आणि चार मित्र जमणार असतील, तर राबाया दोन तास आधी डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ओतून ठेवा, आसिलीला एक तास पुरे. दोन्ही १६ ते १८ अंशांवर द्या. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला त्यांच्यातलं अल्कोहोलच तेवढं जाणवतं. आणि ओतताना आसिली आधी. राबायानंतर घेतली, तर तिचा गुलाब हाती लागत नाही.