मधल्या दिवसांतील ओटीपोटदुखी : दिवस राहण्यासाठी दुखण्यावर विसंबावे, पट्टीवर की सोनोग्राफीवर?

पाळीच्या साधारण मध्यावर ओटीपोटात एका बाजूला उठणारी कळ बहुधा स्त्रीबीज बाहेर पडण्याशी निगडित असते. बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेली छोटी पिशवी, वाढताना अंडाशयाच्या आवरणावर ताण येतो किंवा ती फुटल्यावर सांडणारा द्रव आणि थोडेसे रक्त पोटाच्या आतल्या पडद्याला झोंबते. त्यामुळे हे दुखणे काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत राहू शकते. मूल हवे असलेल्या जोडप्याला अशी फुकटची सूचना मिळत असताना लघवी तपासण्याच्या पट्ट्यांवर खर्च कशाला करावा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण वेळेची आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम 12 ते 24 तास टिकते, तर शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे सर्वांत उपयोगी दिवस बीज सुटण्याच्या आधीचे असतात आणि कळ येण्याची वाट पाहणाऱ्यांचे नेमके तेच दिवस वाया जाऊ शकतात. शिवाय अनेक स्त्रियांना ही कळ कधीच जाणवत नाही, आणि गॅस किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेही तशीच कळ येऊ शकते.

औषधाच्या दुकानात मिळणारी ओव्हुलेशनची (बीज सुटण्याची) पट्टी लघवीतील एलएच, म्हणजे बीज सुटण्यास चालना देणाऱ्या संप्रेरकाची उसळी दाखवते. त्यानंतर साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटते, म्हणून ती आधी सावध करते. मात्र पीसीओडी (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे बीज नियमित न सुटण्याचा विकार) असल्यास ती वारंवार फसवू शकते, आणि बीज खरोखर सुटलेच याची खात्री ती देत नाही. ती खात्री फॉलिक्युलर स्टडीत, म्हणजे दर एक-दोन दिवसांनी केलेल्या सोनोग्राफीत, बऱ्याच अंशी मिळते. पण त्यासाठीच्या फेऱ्या आणि खर्च पाहता पाळी अनियमित असल्याशिवाय किंवा उपचार सुरू असल्याशिवाय तिच्यापासून सुरुवात करू नये. सकाळी उठताच मोजलेले शरीराचे तापमान बीज सुटल्यावरच वाढते, त्यामुळे त्या महिन्यापुरता त्याचा उपयोग नाही.

पाळी नियमित असेल तर माझा कौल पट्टीला आहे. बीज सुटण्याच्या सुमाराच्या आठवड्यात एक दिवसाआड संबंध ठेवावेत आणि दुखण्याची तारीख केवळ नोंदीपुरती लिहून ठेवावी.

वेदनाशामकाची निवड मात्र बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पाळीसाठी घरात असणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी यांमुळे बीजपुटिका फुटण्यास उशीर होऊ शकतो. म्हणून या दिवसांत शेक आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल अधिक बरे.

दुखणे असह्य झाले, ताप, उलट्या किंवा चक्कर आली, अथवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत रुजलेला असू शकतो किंवा अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. असे काही नसले तरी वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पत्नीचे वय 35 किंवा त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांपलीकडे थांबू नये.