उन्हाला एक, सावलीला एक: दोन पांढरे वेलगुलाब

अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात १८८५ साली लावलेला पांढरा ‘लेडी बँक्स’ आजही अख्खा मांडव व्यापून आहे. रणरणतं ऊन, कोरडी हवा, त्याला सगळं चालतं. काटे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे फांद्या बांधताना हात सोलवटत नाहीत. पण बहर वर्षातून एकदाच, वसंतात, तोही जुन्या फांद्यांवर. हिवाळ्यात कात्री चालवलीत तर वर्षभर नुसती पानं बघत बसा! छाटणी बहर ओसरल्यावरच.

‘मादाम आल्फ्रेड कॅरिएर’ १८७९ची, फ्रान्सची. इंग्लंडात उत्तरेकडच्या, ऊन फारसं न लागणाऱ्या भिंतीवरही ती फुलते, पुन्हा पुन्हा, आणि पांढऱ्यावर हलकी गुलाबी झाक. वास तर विचारूच नका. माझं मत मादामकडेच झुकतं. गर्द झाडाखाली मात्र तिलाही लावू नका.