‘अल्ट्रालाइट’ म्हणून विकली जाणारी जाड काठी: ट्राउटसाठी रॉड घेताना सावध राहा

हिमाचलात तीर्थन, बास्पा किंवा बरोटजवळच्या उहल नदीवर ट्राउट गरवायला जायचं ठरलं की पहिली खरेदी होते ती अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉडची, म्हणजे हलक्या ओझ्यालाही वाकणाऱ्या गळाच्या काठीची. घरी परतल्यावर तोच रॉड तळ्यातल्या चिलापीसारख्या तव्यात मावणाऱ्या माशांना चालतो, म्हणून पैसेही वसूल होतात. याच खरेदीत नवख्यांना सर्रास फसवलं जातंय. ऑनलाइन बाजारातून ८९९ रुपयांना आलेला असा एक रॉड आम्ही काट्यावर ठेवून, वाकवून आणि शेवटी कापून पाहिला. त्यातून जे दिसलं ते इथे देत आहोत, कारण नाव बदलून हाच माल पुन्हा पुन्हा विक्रीला येतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘अल्ट्रा लाइट वेट ट्राउट रॉड, २.१ मीटर, ९९ टक्के कार्बन, आयएम८’. वर ४,९९९ ही किंमत खोडलेली. पार्सलमध्ये निघाली एकात एक सरकणारी टेलिस्कोपिक काठी, वजन १९० ग्रॅम. तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर असं, की ‘अल्ट्रा लाइट वेट’ म्हणजे उचलायला हलका, आम्ही पॉवरबद्दल काही म्हटलंच नव्हतं. तेही खरं नाही, कारण २.१ मीटरचा चांगला अल्ट्रालाइट रॉड साधारण ८० ते १२० ग्रॅममध्ये बसतो. पण खरी मेख पॉवरमध्येच आहे. रॉड किती ओझ्याला वाकतो ती त्याची पॉवर. अल्ट्रालाइट म्हणजे साधारण १ ते ७ ग्रॅमचं लूअर (नकली आमिष) आणि २ ते ६ पौंडाचं तंगूस (गळाची दोरी) पेलणारा रॉड. हे दोन आकडे काठीवरच, मुठीच्या वर छापलेले असतात. आलेल्या रॉडवर ते नव्हते. होता फक्त झगमगीत स्टिकर.

एवढ्याने काय बिघडतं, असं वाटू शकतं. ट्राउटसाठी लागतो २-३ ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या पात्याचं लूअर. फेकताना या वजनाने टोक मागे वाकलं, तर ते सरळ होताना स्पिनर लांब जातो. टोक वाकलंच नाही तर सगळा जोर हाताचा, आणि स्पिनर समोरच्या दगडापाशीच पडतो. मग माणूस १० ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं लूअर, लावतो. उथळ, नितळ पाण्यात तो धप्पकन पडतो, मासे पांगतात आणि स्पून दगडांत अडकतो. समजा मासा लागलाच, तर ४ पौंडाचं तंगूस जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड असतं आणि पावणेदोन-दोन किलोच्या ओढीला तुटतं. माशाचा हिसका पचवण्याचं काम टोकाचं आहे. ते ताठ असेल तर तंगूस तुटतं किंवा गळ ओठ फाडून सुटतो. दोष मात्र दरवेळी तंगुसाला दिला जातो.

रॉड हातात आल्याआल्या, स्टिकर न काढता, हे तपासा. आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. मग मूठ टेबलाच्या कडेला घट्ट धरून काठी आडवी ठेवा आणि टोकाच्या कडीतून तंगूस ओवून, ते मुठीपाशी धरून, १०० ग्रॅम वजन टांगा. खऱ्या अल्ट्रालाइटचं टोक वीतभर तरी खाली येतं. आमच्यासमोरच्या रॉडचं टोक दोन बोटंही हललं नाही. टोकाकडची जाडी पाहिली तरी अंदाज येतो: अल्ट्रालाइटमध्ये ती दीड ते दोन मिलिमीटरच्या आसपास असते, या काठीची तीनच्या वर भरली.

कार्बनचा दावा कापल्यावर उघडा पडला. बाहेर कार्बनच्या विणीचं छापील वेष्टण, आत पिवळट पांढरी ग्लासफायबर. काठी न कापताही हे कळतं. कार्बन वीजवाहक आहे, काच नाही. जोडाचं कच्चं, रंग नसलेलं टोक सापडलं तर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना तिथे टेकवा. काच असेल तर आकडा हलणारच नाही. हलला तर कार्बन आहे एवढंच कळतं, किती टक्के ते नाही. ग्लासफायबर वाईट असते असं आमचं म्हणणं मुळीच नाही. लहान माशांसाठी काचेचे मऊ रॉड फार गोड चालतात. राग आहे तो काच कार्बन म्हणून विकण्याचा. ‘आयएम८’चंही तसंच. ते एका कंपनीच्या कार्बन धाग्याचं व्यापारी नाव आहे, रॉडची प्रत ठरवणारं मानक नाही. त्यामुळे कोणीही ते छापतो.

कड्या, म्हणजे गाईड, मोजा. सहा फुटी रॉडला टोकाची धरून सात असाव्यात. टेलिस्कोपिकमध्ये सहसा प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एकच बसते, म्हणून पाच तुकड्यांना पाच, आणि वाकल्यावर तंगूस काठीला घासतं. प्रत्येक कडीच्या आतून कान साफ करायचा कापूस फिरवा. धागा अडकला तर आतलं रिंगण तडकलेलं आहे, आणि ते तंगूस खाणार.

रीळसह ‘कॉम्बो’ असेल तर जास्तच जपा. ‘१३+१ बेअरिंग’ हा आकडा ग्राहकाला तपासता येत नाही, म्हणूनच तो छापतात. ३००० आकाराचं, ३०० ग्रॅमचं प्लास्टिकचं रीळ अल्ट्रालाइटला लावलं की तोल मुठीकडे जातो. ५०० ते १००० आकाराचं रीळ घ्या. ड्रॅग, म्हणजे तंगूस किती जोराने सुटायचं ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, ढिला करून हाताने तंगूस ओढा. ते अडखळत सुटलं, तर माशाच्या पहिल्याच धावेला तुटेल.

परीक्षणांवर जाऊ नका. एकाच पानावर दीड मीटरपासून साडेतीन मीटरपर्यंतचे रॉड जोडलेले असतात आणि समुद्रावरच्या जाड रॉडचे तारे अल्ट्रालाइटला चिकटतात. आपल्या लांबीचं परीक्षण उघडून वाचा. आमचा सल्ला विचाराल तर दोन तुकड्यांचा, ‘यूएल’ (अल्ट्रालाइट) आणि ग्रॅम-पौंड दोन्ही छापलेला रॉड घ्या. झाडीच्या काठांवर साडेपाच-सहा फूट, मोकळ्या तळ्यावर साडेसहा-सात. बजेट दोन-तीन हजारांचं ठेवा आणि शक्य तर मासेमारीच्या दुकानात जाऊन वाकवून घ्या. हिमाचलात ट्राउटला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, म्हणून मार्चमध्ये जाणाऱ्यांनी जानेवारीतच मागवावा, बदलून घ्यायला वेळ राहतो.

पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून काट्यावरच्या वजनापर्यंत एकसंध व्हिडिओ काढा आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठेवा; पान नंतर बदलतं. परत करताना ‘आवडलं नाही’ हा पर्याय निवडू नका, ‘वर्णनापेक्षा वेगळी वस्तू’ निवडा. आणि तोवर काठी नदीवर नेऊ नका. टोक मोडलं की ‘ग्राहकाने मोडलं’ हे उत्तर तयारच असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. नव्वद टक्के सूट देणाऱ्या बनावट संकेतस्थळावर पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. आणि ‘रिफंड’ देतो म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर तिथेच थांबा, पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.