सुटे पॅरामीटर की स्ट्रक्चर? कर्नलमधला फाइल-कॉल ठरवताना

स्वतःच्या कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) फाइल उघडण्याचा कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करायची विनंती, लिहायला घेतला की प्रश्न येतो: पाथ, फ्लॅग (पर्याय सांगणारे बिट), मोड (नव्या फाइलच्या परवानग्या) असे सुटे पॅरामीटर घ्यायचे, की स्ट्रक्चरचा पॉइंटर आणि त्याचा आकार? लिनक्सने दोन्ही करून पाहिलंय, त्यामुळे अंदाजावर जायची गरज नाही.

सुट्या पॅरामीटरची बाजू कमकुवत नाही. सगळं रजिस्टरमधून येतं आणि सेककॉम्पचा, म्हणजे प्रोग्रामला कोणते कॉल करू द्यायचे ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा, फिल्टर फ्लॅग थेट तपासू शकतो. पॉइंटरच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. अडचण पुढे येते. एकदा लोक वापरू लागले की सिग्नेचर (पॅरामीटरची यादी) बदलता येत नाही. म्हणून लिनक्समध्ये नवे कॉल आणावे लागले, डप२ नंतर डप३, पाइपनंतर पाइप२, २०१४ मध्ये रीनेमॅटनंतर रीनेमॅट२: तिन्ही वेळा मूळ कॉलमध्ये फ्लॅगलाच जागा नव्हती.

फ्लॅग असूनही ओपन हा फाइल उघडण्याचा जुना कॉल फसला, कारण तो अनोळखी बिट मुकाट्याने सोडून देतो. २०१३ मध्ये ओ_टीएमपीफाइल हा बिननावाची तात्पुरती फाइल बनवणारा फ्लॅग आला तेव्हा त्याच्या किमतीत ओ_डिरेक्टरीचा (‘डिरेक्टरीच उघड’ सांगणारा) बिट मिसळावा लागला. हेतू एवढाच, की जुना कर्नल डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडायला नकार देईल आणि प्रोग्रामला सोय नसल्याचं कळेल. युक्ती चांगली आहे, पण तिची वेळ यायलाच नको होती.

२०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये आलेला ओपनॅट२ हा कॉल स्ट्रक्चर आणि आकार घेतो. अनोळखी बिट दिसला की ईइनव्हॅल (‘चुकीचा पॅरामीटर’ ही एरर). स्ट्रक्चर कर्नलला माहीत असलेल्यापेक्षा लहान असेल तर उरलेली फील्ड शून्य धरली जातात. मोठं असेल आणि जादा भागात शून्याशिवाय काही सापडलं, तर ई२बिग ही एरर. म्हणजे नव्या फील्डमध्ये शून्याचा अर्थ ‘पूर्वीसारखंच’ असला पाहिजे. आणि एक पथ्य काटेकोर पाळा: यूजर मेमरीतून एकदाच कॉपी करा आणि ती कॉपीच तपासा. तपासून पुन्हा मूळ जागेतून वाचलंत, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) तिथली किंमत बदलू शकतो.

माझं मत: उघडण्यासाठी स्ट्रक्चरच घ्या, तिथे पर्याय वाढतच जातात. रीड-राइट सुट्या पॅरामीटरवर ठेवा, पण ऑफसेट (फाइलमधली वाचायची जागा) लिनक्सच्या प्रीड कॉलसारखा उघड मागा. सामायिक फाइल-पोझिशनवर दोन थ्रेड आले की सीक (जागा बदलणं) आणि रीड यांच्या मध्ये दुसरा घुसतो. उघडण्यालाही सुटेच पॅरामीटर हवे असतील, तर अनोळखी बिटला ईइनव्हॅल पहिल्या आवृत्तीपासून द्या. नंतर ती सक्ती आणली, तर आजवर कचरा बिट पाठवूनही चालणारे प्रोग्राम बंद पडतील.